बिनमिशीचा वाघ

निरवांगीच्या देवळात मंगळवारी फक्त बाया जमायच्या आणि प्रयागबाईंच्या अंगात देवी यायची. "येड्या हायत समद्या," म्हणत त्यांच्या लेकानं, ऋषिराजनं, त्या वेडाचा व्हिडिओ काढायचं ठरवलं. त्यापायी घरातल्या या वाघानं मिशी भादरली, मारून माहेरी हाकललेल्या बायकोची साडी गुंडाळली आणि तोंडावर पदर ओढून तो बायांत जाऊन बसला.

घुमता घुमता प्रयागबाई थेट त्याच्यापुढं आल्या आणि लिंबाच्या ओल्या फोकानं त्याला झोडपायला लागल्या.

"आये, मी हाय, तुझा ऋषी! सुद्धीवर ये!" पदर टाकून तो कळवळला.



फोक न थांबवता प्रयागबाई म्हणाल्या, "आज सुद्धीवरच हाय मी. तू सुनेला मारत हुतास, तवा न्हवते."