मुरारीचा कोपरा

“फळी अजून खाली घ्या. बसल्याजागी हात पोचला पाहिजे त्याचा,” ठकुबाई म्हणाली.

सोपानरावांनी मुकाट्यानं फळी खाली घेतली, तोंडात धरलेला खिळा काढला आणि ठोकला. बायकोचं पहिल्या बोलात ऐकणारा हा माणूस नव्हे. ठकुबाईला मनातल्या मनात हसू आलं.

ओसरीच्या खिडकीखाली मुरारीसाठी वाचायचा कोपरा होत होता. जागा त्याचीच. पोरगा इथंच भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन कादंबऱ्या वाचत बसायचा. हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

सोपानराव चाकणच्या मारुतीच्या देवळातले टाळकरी. कीर्तनासाठी भरल्या ताटावरून उठतील. एकदा कीर्तनात बुवा बोलून गेले, देवाचं नाव नसलेलं वाचणं म्हणजे उष्टी पत्रावळ चाटणं. बुवांनी हशा पिकवायला म्हटलं. सगळे हसले आणि घरी गेले. सोपानरावांनी मात्र ते गाठीला बांधलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोराच्या पुस्तकांवर अंघोळीचं पाणी तापवलं, त्याच पाण्यानं न्हाऊन पूजेला बसले.

मुरारीनं घर सोडलं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता. तिथं कामाला लागला, तो परत आलाच नाही.

यंदा ठकुबाईनं हट्ट धरला. “निरोप नगं, तुमी स्वतः जा. बाप दारात आला तर पोरगं न्हाई म्हणायचं न्हाई.” काल सोपानराव गेले. आज सकाळी आले ते डोक्यावर मुरारीची पत्र्याची पेटी घेऊन.

“आन् तो?” तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

“भेट न्हाई झाली. खोलीतल्या पोरांनी पेटी दिली.”

“काय म्हणाली पोरं?”

“कारखान्याचं काम संपलं म्हणाली त्याचं.”

ठकुबाईच्या जिवात जीव आला. काम संपलं, पेटी पुढं आली. आता पेटीचा धनी मागून येणारच.

“धोतर वलं कशानं? ह्या मार्गशीर्षाच्या थंडीत?”

“नदीवर गेलो हुतो.”

“पाय घसरला असंल. बघून चालावं माणसानं.”

सोपानरावांनी पेटी ओसरीवर उतरवली. “आधी त्याचा कोपरा करू,” एवढंच म्हणाले आणि हातोडा शोधायला लागले.

मग दिवसभर दोघं खपली. ठकुबाईनं भिंत पांढऱ्या मातीनं सारवली. आपल्या लग्नातल्या लुगड्याची गोधडी अंथरली, पाठीला दुसरीची वळकटी लावली. कंदील टांगायला सोपानरावांनी आकडा ठोकला. तो कुठं ठोकावा यावर त्यांनीच घोळ घातला. “उजेड डाव्या अंगानं यावा. न्हाईतर हाताची सावली पडती पानावर.”

दुपारी स्वयंपाकाच्या वेळी म्हणाले, “माझ्या कालवणाला फोडणी नगं.”

ठकुबाईनं पळी हातातच धरली. “पुस्तकं जाळली त्याचं प्रायश्चित्त व्हय?”

“तसंच समज.”

तिनं समजून घेतलं. उशिरा का होईना, धोंड्याला पाझर फुटला होता.

उन्हं उतरताना शेजारची विमलबाई कुंपणापाशी थांबली. “सोपानभावजी, नवरदेवाची खोली सजिवताय जणू.”

“मुरारी येतोय,” ठकुबाईच बोलली.

“बरं झालं बाई. भावजी, आळंदीचे बुवा आलेत, कीर्तनाला टाळ घेऊन या. आन् कपाळ का मोकळं? घ्या, देवळातला बुक्का हाय.”

सोपानराव दोन पावलं मागं सरले. “माझं न्हाई जमायचं आज.”

“आता गं बया. देवळाचा खांबच हलला म्हणायचा,” विमलबाई म्हणाली आणि बुक्का ठकुबाईच्या कपाळाला लावून गेली.

सांजेला कंदील पेटला. सोपानरावांनी पेटी उघडली. आत पुस्तकंच पुस्तकं. एकेक उपरण्यानं पुसून त्यांनी फळीवर लावलं. ठकुबाई कणगीत हात घालून आली. तिच्या हातात एक करपलेलं पुस्तक होतं. त्या दिवशी चुलीतून ओढून काढलेलं.

“आता रागवू नगा. ह्येबी त्याचंच हाय.”

सोपानरावांनी ते दोन्ही हातांत घेतलं. मग म्हणाले, “बस गोधडीवर. वाचून दावतो.”

“मला वं काय कळतंय त्यातलं?”

“मला तरी कुठं कळलं हुतं? बस.”

ती बसली, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. देवळात मृदंग सुरू झाला होता. सोपानराव मोठ्यानं वाचू लागले. पहिली पानं जळून गेलेली, त्यामुळं गोष्ट मधूनच सुरू झाली. कुणीतरी एक पोरगा बैलगाडीतून आजोळी चालला होता. काळ्या पडलेल्या ओळी आल्या की ते थांबत, बोटानं राख झटकत आणि पुढची धड ओळ धरत. पोथी वाचतात त्याच चालीत वाचत होते. ठकुबाईला हसू येत होतं आणि डोळ्यांना पदर लावावा लागत होता.

“मुरारी आला की हे पयलं सांगीन त्याला,” ती म्हणाली. “तुझ्या बापानं तुझं पुस्तक वाचलं म्हणून.”

सोपानरावांनी पुस्तक मिटलं.

“थांबा, पोथीबी हितंच आणते,” ती उठली. “बाप-लेकाची पुस्तकं एका फळीवर ऱ्हाऊ द्या.” देवघराच्या चौकटीपर्यंत ती पोचली होती.

“ठकू,” मागून त्यांचा आवाज आला, “पोथीला आता तूबी शिवू नगंस. चुलीवर पाणी ठेव, डोक्यावरून अंघोळ कर. माझी सकाळीच झालीया, नदीवर, अंगावरच्या धोतरानिशी.”