दाव्यासकट

ढोकीत सारजाबाईंच्या हॉटेलात बसून कृष्णराजनं भूमच्या मल्हारचं गेमचं खातं हॅक केलं आणि मल्हारनं त्या गेममध्ये जिवापाड वाढवलेला खिलार बैल दाव्यासकट आपल्या गोठ्यात आणला.

लगेच मोबाइलमधून मल्हारचा थंड आवाज आला, "बैल राहू दे तुला. पण बैल विकला तरी दावं आमी देत न्हाय. तेवढं म्या नेणार."

"ये की, ने सोडून!" कृष्णराज हसला.

मग त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. बैल मोकळाच उभा होता. दावं कुठंच नव्हतं.

चहा ठेवता ठेवता सारजाबाई थबकल्या. "तुझ्या गळ्याला वळ कशाचा रं?"

मोबाइलमधून मल्हारनं जीभ वाजवली, बैलाला चुचकारतात तशी.

कृष्णराज उठला आणि खाली मान घालून भूमच्या वाटेला लागला.