खिंड येईपर्यंत

मिशी अर्धीच चिकटली होती, तेवढ्यात पडदा सरकवून आजी, मोमो-ला, आत आली.

छोझोम आरशासमोर गोठून बसली. केस टोपीत कोंबलेले. छातीवर घट्ट पट्टा. अंगात खाम मुलखातल्या घोडेस्वाराचा जाडजूड, झग्यासारखा छुबा, पुरुष नेसतात तसा गुडघ्यापर्यंत वर ओढून बांधलेला. नात जुनी गाणी गाते हे आजीला माहीत होतं. ती पुरुष होऊन गाते, आकू नोरग्ये या नावाने, हे मात्र घरात कुणी बोललं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं, विचार," मोमो-ला धापा टाकत म्हणाली.

"कुणी?"

"यांगचेनच्या सासूनं. प्रदक्षिणेच्या वाटेवर. माळ ओढता ओढता म्हणते, तुमच्या नातीला मिशा फुटल्यात म्हणे."

कोपऱ्यात ड्रान्येनच्या तारा जुळवत बसलेला साथीदार ल्हाकदोर हसू दाबत बाहेर सटकला.

मोमो-लाने नातीची हनुवटी धरली आणि तोंड दिव्याकडे वळवलं. छोझोमने डोळे मिटून घेतले.

"डावी बाजू वाकडी लागलीय," मोमो-ला म्हणाली, आणि अंगठ्याने मिशी दाबून बसवली.

छोझोमला रडू की हसू कळेना. "ही पुरुषांची गाणी आहेत, मोमो-ला. ज्यांची होती ते गेले. पोरं कॅनडाला गेली. माझ्या कपड्यांत मी ती म्हटली की परक्याची वाटतात. हा छुबा चढवला की घरी येतात."

"मग त्यात हे काय कोंबलंयस?"

"वर्तमानपत्रं. झोळ भरलेला दिसावा म्हणून."

"कागद!" मोमो-लाने छुब्याच्या छातीवरच्या झोळात हात घातला आणि एकेक चुरगळा बाहेर काढून जमिनीवर टाकला. "तुझ्या पणजोबांच्या झोळात लाकडी वाटी असायची. त्साम्पाची, भाजल्या सातूच्या पिठाची पिशवी. थंडीत एखादं कोकरू. आणि एकदा मी."

हे छोझोमला ठाऊक होतं. आमच्या वस्तीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तीनेक वर्षांच्या लेकीला झोळात घालून पणजोबांनी बर्फातली खिंड ओलांडली, आणि वाटभर ते पांढऱ्या शिंगराचं गाणं गात होते. त्या गाण्याची दोन कडवी लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, छांगचे पेले आपटत कुणीही म्हणतं. तिसरं कडवं फक्त त्यांच्या खोऱ्यातलं. त्या खोऱ्यातलं आता मोमो-लाशिवाय कुणी उरलं नव्हतं. विद्यापीठाची माणसं यंत्रं घेऊन येऊन गेली. छोझोमने स्वतः कितीदा तिच्यापुढे फोन ठेवला होता. उत्तर एकच, "नाही येत गं." मोमो-लाबरोबर ते कडवंही जाणार, हे दोघींना कळत होतं. आजही आकू नोरग्ये दुसऱ्या कडव्यावर थांबणार होता.

"दाखव बघू म्हणून," मोमो-ला म्हणाली.

छोझोम उठली. पाय फाकवून उभी राहिली, अंगठे कमरपट्ट्यात खोवले आणि तिने आवाज मोकळा सोडला.

"पांढऱ्या शिंगरा, मान उंच धर, तुला सोन्याचं खोगीर घालीन..."

"ओरडतेस कशाला? माझे पा-ला ओरडत नव्हते."

"घोडेस्वाराचं गाणं आहे ना, मोमो-ला! रुबाब नको?"

"कसला रुबाब? घोडा खिंडीच्या अलीकडंच मेला होता. मागावर शिपाई होते. माझा बाप इकडं उतरल्यावर रस्त्यावर खडी फोडायला लागला. पुन्हा कधी गायला नाही. ते गाणं मी कानानं ऐकलंच नाही गं. आत ऐकलं. छातीतून. तुमच्या फोनला कुठून सांगू?"

मग तीच म्हणाली, "बस खाली."

छोझोम स्टुलावर बसली. मोमो-लाने दोन्ही हातांनी झोळ उघडला आणि आपलं पांढरं डोकं आत घातलं. गाल छातीवरच्या पट्ट्यावर टेकवला.

"हं. म्हण. हळू."

छोझोम गायली. मिशीखालचे ओठ हलले न हलले. आवाज गळ्यातून निघाला आणि छातीतच राहिला. सोन्याच्या खोगिराचं कडवं झालं. मग दुसरं.

"नदी गोठली, शिंगरा, भिऊ नको, लगाम माझ्या हातात आहे..."

तेही संपलं. ती थांबली. तिचे हात केव्हा आजीच्या पाठीवर गेले होते, तिलाच कळलं नव्हतं. बाहेर खुर्च्या सरकत होत्या. आरशापाशी फोन पडला होता. तिने त्याला हात लावला नाही.

झोळातून एक बारीक आवाज आला. तो म्हाताऱ्या बाईचा नव्हता.

"झोपू नको, शिंगरा, झोपू नको.
झोपलेलं शिंगरू बर्फाचं होतं.
खिंड अजून आली नाही.
डोळे उघड, माझ्याशी बोल."

इतकी वर्षं वस्तीतले पुरुष पेले आपटून घोड्याची तारीफ गात होते. पणजोबांच्या गाण्यात घोडा नव्हताच कुठे.

बाहेर ल्हाकदोरने आकू नोरग्येचं नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. झोळातलं डोकं हललं नाही. मग आतून, दबलेल्या आवाजात:

"पा-ला, आली का खिंड?"

छुब्याच्या दोन्ही कडा तिच्याभोवती ओढल्या गेल्या.

"आली, पोरी," आकू नोरग्ये म्हणाला. "आता झोप."