भेंडीच्या पैशांचा मोबाईल

"तुला कशाला गो सोळा हजारांचा मोबाईल?" कुंडलिकने दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं. "व्हिडिओ बघत भाकऱ्या थापायच्यात काय?"

शहापूरच्या बाजारातल्या त्या दुकानात शनिवारची गर्दी होती. दोन गिऱ्हाईकं हसली. अनिता हसली नाही. काउंटरमागे दुकानाची मालकीण भाविका उभी होती, तिला ती एवढंच म्हणाली, "तू दाखव."

अनिताच्या पिशवीतला जुना मोबाईल कुंडलिकनेच वापरून टाकलेला होता. काचेला तडा, आणि बॅटरी फुगल्यामुळे मागचं झाकण रबराने बांधलेलं. अर्ध्या तासात तो मान टाकायचा. कुणी चार पानांचा कागद पाठवला तर उघडता उघडता बंद पडायचा. पण घरातल्या बाईला एवढं पुष्कळ झालं, असं कुंडलिकचं मत होतं आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

भाविकाने आधी सात हजारांचा काढला. अनिताने त्यावर एक लांबलचक कागद उघडून पाहिला आणि मोबाईल परत ठेवला. "हा वर्षभरात रडवील." मग चाळीस हजारांचा आला. "हा नको. मला मिरवायचं नाय."

तिसरा मधला होता. भाविका म्हणाली, "काकी, याची बॅटरी आरामात दोन दिवस जाते. फायली कितीही ठेवा, अडकत नाय. पाच-सहा वर्षं तरी बदलायला नको. आणि डोंगरात पण रेंज धरतो."

"कागदाचा फोटो काढला तर अक्षर वाचता येतं?"

"शिक्कासुद्धा वाचता येईल."

"मग हाच."

"पैसे कुणाचे?" कुंडलिकने विचारलं.

"माझ्या भेंडीचे. खुडून बोटं माझी सोलली. तुमच्याकडे मागितले काय?"

कुंडलिक उत्तर देणार तोच रस्त्यावरून शेजारच्या गावातल्या कोंडूने हाक मारली, "काय सरपंच, आज बाजारात?" आणि त्याची छाती शर्टाच्या बटणांना ताण देईपर्यंत फुगली. तीन वर्षं झाली, आसपासच्या गावांत त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. एकटे नवे ग्रामसेवक भाऊसाहेब त्याला 'कुंडलिकराव' म्हणत. पण बदलून येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. शिकतील हळूहळू, म्हणून कुंडलिक सोडून देई.

"सिम घालून देऊ?" भाविकाने विचारलं.

"माझ्याकडे आहे. मघाशीच काढून आणलंय," अनिता म्हणाली. कुंडलिकचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात सोमवार होता.

बाटलीबंद पाण्याची एक कंपनी वरच्या पाड्यावरच्या विहिरीशेजारी तीन बोअर मारणार होती. सोमवारी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला निघाला की काम सुरू, आणि पाइपांचे चर खोदायला जेसीबी कुंडलिकचाच. मागच्या आठवड्यात पाड्यावरची सोमी चार बायका घेऊन त्याच्या ओट्यावर आली होती.

"सरपंच, मे महिन्यात तेवढ्या एका विहिरीला पाणी असतं. ती आटली तर आमी काय प्यायचं?"

"टँकर येल," कुंडलिक म्हणाला होता आणि आतून चहा यायला उशीर का होतोय म्हणून ओरडला होता. अनिता दाराला टेकून ऐकत उभी होती. चहा उकळून अर्धा झाला होता.

रविवारी अनिता नवा मोबाईल घेऊन वरच्या पाड्यावर गेली आणि विहिरीचे आतबाहेरून फोटो काढून आली. कुंडलिकच्या कानावर आलं तेव्हा तो पोट धरून हसला. हौसेला मोल नसतं, बायकांच्या तर नाहीच. त्याच्या मोबाईलात दोन सिम होती. पंचायतीचे मेसेज ज्या सिमवर येत, त्यावर कालपासून रेंज दिसत नव्हती. डोंगराआडचं गाव, असं व्हायचंच.

सोमवारी अकरा वाजता तो पंचायतीतल्या मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसला. शेजारी कंपनीचा माणूस, समोर कॉम्प्युटरवर भाऊसाहेब.

"सहीसाठी मोबाईलवर आकडा जाईल. तो इथे टाकला की दाखला निघाला," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

कुंडलिकने मोबाईल टेबलावर ठेवला. मिनिट गेलं, दोन गेली. काहीच आलं नाही.

"परत पाठवा."

भाऊसाहेबांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी मोबाईल वाजला, पण दाराशी. उंबऱ्यात अनिता उभी होती. तिच्या मागे सोमी आणि पाड्यावरच्या दहा-बारा बायका.

"दोन्ही आकडे आलेत," अनिता म्हणाली. "सिम माझ्या नावावरचं आहे. शहापूरला आधार दाखवला, त्यांनी त्याच नंबरचं दुसरं काढून दिलं. तुमच्या मोबाईलातलं बंद झालं."

कुंडलिकने टेबलावरचा मोबाईल खिशात कोंबला. एवढ्या लोकांत बायकोने त्याचं पाणी उतरवलं होतं, आणि तेही भाकऱ्या थापायच्या वेळेला. "आकडा सांग आणि घरी जा. हे पंचायतीचं काम आहे, चुलीचं नाय."

"भाऊसाहेबांनी पाठवलेली फाइल मी वाचली. सगळी पानं, दोनदा. आकडा नाय मिळायचा."

कंपनीचा माणूस गोड हसला. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"भाऊसाहेब," कुंडलिक खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाला, "हिला बाहेर काढा आधी."

भाऊसाहेबांनी फाइल मिटली आणि ते उठून उभे राहिले.

"कुंडलिकराव, तेवढी खुर्ची रिकामी करा," ते म्हणाले. "सरपंच केव्हाच्या उभ्या आहेत."