जोडउडी

"सकाळचा चांगला बर्फ दरवेळी आजीबाईंनाच," पडद्यापलीकडे कुणीतरी पुटपुटलं.

जपानमधल्या हाचिनोहेच्या स्केटिंग रिंकवर कपडे बदलायच्या खोलीत मध्ये नुसता कापडी पडदा आहे. अलीकडे प्रशिक्षक कुदो तामाए जाड मोजे चढवत होत्या. पलीकडे दोन आया आपापल्या लेकींचे अंबाडे बांधत होत्या. दुसरी म्हणाली, हळू बोला, कुदो-सेन्सेई कुठेही असतात. पहिलीनं आवाज कमी केला, तक्रार नाही. सव्वीस वर्षांच्या बाईनं सोळा वर्षांच्या पोरींच्या वाटणीचा बर्फ अडवून बसावं हे काही शोभत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आजीबाई म्हणजे नात्सुबोरी चिहाया, तामाएंची शिष्या. पाच वर्षांची असताना आईचा हात सोडून ती तामाएंच्या कोटाला लटकली, ती आजतागायत.

तामाएंना राग आला नाही. तेच त्यांचं दुखणं होतं. त्या बाईच्या ओठांवर होतं ते गेली चार वर्षं त्यांच्या पोटात होतं: पोरीनं आता थांबावं. एकोणिसाव्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत नववी आली होती. मग सतरावी, मग एकविसावी. उजवा घोटा दर हिवाळ्यात सुजायचा. पहाटे सराव, आणि दुपारभर मासळीच्या कारखान्यात बांगड्याचे डबे तपासत उभं राहणं. कारखान्याचे मालकच तिचा खर्च उचलत आणि प्रत्येक स्पर्धेला फलक घेऊन येत. यंदाच्या फलकावर त्यांनी मोठ्या प्रेमानं लिहून घेतलं होतं, 'अजून वय कुठं झालंय, चिहाया!'

पण सांगायचं कसं? गुरूनं 'थांब' म्हणणं म्हणजे पोरीच्या तोंडावर दार लावणं. शिष्येनं आपण होऊन 'थांबते' म्हणणं म्हणजे गुरूच्या एकवीस वर्षांवर पाणी फिरवणं. त्यांच्या खेळात यावर एकच सभ्य तोडगा होता. नोव्हेंबरच्या विभागीय स्पर्धेत खेळाडू मागे पडते, राष्ट्रीय स्पर्धा हुकते, मग ती येऊन कमरेत वाकते, 'आजवर सांभाळलंत' म्हणते, आणि कुणालाच काही बोलावं लागत नाही.

तामाए दर नोव्हेंबरात त्याची वाट बघत. वाट बघत आणि स्वतःलाच लाजत.

चिहाया मात्र हटायला तयार नव्हती. इतर जणी वय वाढलं की सोप्या उड्यांवर येतात. ही दर वर्षी अवघडाकडे जायची. यंदा तर तिनं कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, पायांतलं त्राण संपल्यावर, तीन गिरक्यांच्या उडीला लागून आणखी एक तीन गिरक्यांची उडी जोडली. शेवटी घेतली की गुण जास्त मिळतात हे खरं, पण ती जोडउडी तिथं सतरा वर्षांच्या पोरीही घेत नाहीत. सरावात दहातल्या आठ वेळा ती आपटायची. तामाए म्हणाल्या, आधी घे, दमली नसतेस तेव्हा.

"शेवटीच राहू दे ना, सेन्सेई," ती मान खाली घालून म्हणाली. लोक म्हणाले, हाव सुटत नाही बाईची.

विभागीय स्पर्धेच्या दिवशी तामाएंनी ठरवून टाकलं, काहीही होवो, आज सांगायचंच. रात्रभर त्यांनी वाक्य घोळवलं होतं. कठड्यापाशी चिहाया आली, त्यांचे हात हातात घेऊन उभी राहिली. ती काहीतरी बोलेल असं तामाएंना वाटलं. आपण बोलावं असं बहुधा तिलाही वाटलं असेल.

"गुडघे वाकव," तामाए म्हणाल्या. एकवीस वर्षं त्या हेच म्हणत आल्या होत्या.

"हो."

संगीत सुरू झालं. तामाए पात्यांची रबरी म्यानं या हातातून त्या हातात करत राहिल्या. पहिली उडी नीट, दुसरी नीट, तिसरीत जरा डगमग. शेवट जवळ आला. चिहायानं भलताच वेग घेतला. एवढ्या वेगात सावरणं शक्यच नव्हतं.

'पड, बाई,' त्यांच्या मनात आलं, आणि आपल्याच मनाची त्यांना इतकी शिसारी आली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

बर्फ एकदा खरखरला. मग पुन्हा एकदा. मग टाळ्या.

गुणांसाठी दोघी बाकावर बसल्या. समोर कॅमेरा, बाजूला रुमालांचा खोका. आकडा लागला. अजून चौघी उतरायच्या होत्या, पण त्या चौघी पुढे गेल्या तरी राष्ट्रीय स्पर्धेतली चिहायाची जागा पक्की होती. वर मालक फलक नाचवू लागले. चिहायानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली. दर वर्षी रडायची. आनंदाश्रू, असं निवेदक दर वर्षी सांगायचा.

तामाएंनी रुमाल पुढे केला. घोळवलेलं वाक्य जिभेवर होतं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं.

"पुढच्या वर्षी ती उडी थोडी आधी घेऊ."

चिहायानं डोळे पुसले. कॅमेऱ्याकडे बघून हसली, वाकली, हात हलवला. मग हसू तसंच ठेवून तिनं तोंड तामाएंच्या कानाशी नेलं.

"सेन्सेई, चार वर्षं मी पडायचा प्रयत्न करतेय. तुम्ही घडवलेलं अंग आहे, ऐन वेळी पडतच नाही. आता तुम्हीच पुरे म्हणा ना."