बरोबर बसणारी पँट

पँट पुन्हा बरोबर बसली. मास्तरांनी ती उतरवली आणि भिंतीवर फेकून मारली.

"का हो, कुठे ढगळ होतेय का?" बायकोने दारातून डोकावून विचारलं.

"ढगळ कसली? बरोबर बसतेय!"

"मग झालं तर," म्हणत ती खुशीत आपल्या कामाला लागली.

बरोबर बसतेय हेच तर दुखणं होतं. पण ते सांगणार कुणाला?

मास्तर शिंपी. अर्ध्या गल्लीच्या कंबरा त्यांच्या टेपखालून गेलेल्या. शेजारी बसून बायकोने जन्मभर काजं केली, बटणं लावली, लोकांच्या पँटी उसवून सैल केल्या, आत घेतल्या. मग मुलाने मशीनला मोटर बसवून दिली. बापाला आराम म्हणे. मास्तरांचे पाय रिकामे झाले, पोट सुटलं आणि मागोमाग साखर आली. साखर झालेल्या माणसाला अक्कल शिकवायला परवाना लागत नाही. जो उठतो तो शिकवतो. एक जिना चढून ज्याला धाप लागते, तोही जिन्यातच बसून शिकवतो.

डॉक्टरबाईंनी शिकवलं नाही, सरळ दम दिला. "आजोबा, नुसत्या गोळ्यांनी भागत नाहीये. चाला, वजन उतरवा. नाहीतर पुढच्या खेपेला रोजचं इंजेक्शन."

आयुष्यभर सुई चालवलेला माणूस. पण ती स्वतःच्या पोटात टोचायची म्हटल्यावर त्याचे हातपाय गार पडले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पाण्याच्या टाकीमागची टेकडी चढू लागले. गुडघे कुरकुरले, तरी चढले. छाती भात्यासारखी हलली, तरी चढले. मागून येणारी मंडळी फिदीफिदी हसायची. आपल्या पोटाला हसतायत, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. हसा लेको, म्हणत ते पुढचं पाऊल टाकायचे.

वजनकाट्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. माणसाचं खरं काय ते कंबरपट्टी सांगते. घरात नाडीचा पायजमा, आणि नाडीला कसलं माप? बाहेर जायला ही एकच तपकिरी पँट. गावाला शिवून देणाऱ्याला स्वतःसाठी दुसरी शिवायला कधी सवड मिळाली नाही. पट्टाही ते लावत नसत. पट्टा म्हणजे शिंप्याने आपल्या चुकीची दिलेली कबुली. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, पँट कंबरेवरून घसरली की आपण जिंकलो. हे कुणाला बोलले नाहीत. लोक आधीच कमी हसत होते का?

ऊन गेलं, थंडी आली. पँट घसरेना. मेली अंगावर ओतल्यासारखी बसायची.

"आज दवाखाना," मास्तर फेकलेली पँट उचलत गरजले, "आणि उद्यापासून टेकडी बंद! टोचून घेईन, पण पुन्हा चढणार नाही!"

"बरं, नका चढू. आधी चला तर," बायको म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

दवाखान्यात मास्तर डोळे मिटून काट्यावर उभे राहिले. डॉक्टरबाई वाकल्या आणि ओरडल्याच, "आजोबा! अहो, चांगलं घसघशीत उतरलंय की वजन! आणि रक्ताचा रिपोर्टही झकास. आता कशाला हवंय इंजेक्शन? फक्त चालणं सोडू नका."

मास्तरांनी डोळे उघडले. ते लाल झाले होते.

"काटा बिघडलाय तुमचा. रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा तरी उचललात. ही पँट बघा, बोट शिरत नाही आत! कापड खोटं बोलत नाही, बाई. म्हाताऱ्याला खोटा धीर देऊ नका. काढा ती सुई आणि टोचा एकदाची!"

आणि ते ताडकन वळून पोटावरचा शर्ट वर ओढत बाकाकडे निघाले.

डॉक्टरबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या.

"आजोबा, एक विचारू? तुमचे मागचे खिसे असे एकमेकांच्या मांडीवर का बसलेत?"

मास्तरांचा हात मागे गेला. दोन खिशांच्या मध्ये अख्खा पंजा मावायला हवा होता. तिथे करंगळीही मावेना. मधल्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं. हातचा टाका, बारीक, एकसारखा. हा टाका त्यांनी झोपेतही ओळखला असता.

ते हळूच बायकोकडे वळले.

"असे बघता काय?" ती उसळली. "दर धुण्याला ढगळ दिसायची. तुम्ही पट्टा लावणार नाही. भर रस्त्यात घसरली असती म्हणजे? लोकांनी नावं मला ठेवली असती. घेत गेले आत."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? उलट सकाळीच म्हणालात, बरोबर बसतेय!"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट तोंडावर धरला होता. कागद गदगदा हलत होता.

मास्तरांना टेकडीवरची मंडळी आठवली. पोट तर पुढे असतं. आणि ती सगळी मागून यायची.

"चला घरी," बायको ओशाळून पुटपुटली. "उसवते आणि खिसे नीट लावून देते."

"खबरदार एक टाका उसवलास तर!" मास्तर म्हणाले. "उद्या टेकडीवर मी सगळ्यांच्या पुढे चालणार आहे."