पिशवीतला बांध

कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं भिंग भिकनने पिशवीवर टेकवलं आणि एक डोळा मिटला. सुरतेत, उधन्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पिशवी छताला टांगलेली होती. आत भाताचा पेंढा, पेंढ्यावर मशरूमची पांढरी जाळी. म्हणजे गेल्या रविवारपर्यंत पांढरी. आता ती डावीकडे पोपटी होती आणि उजवीकडे शेवाळी.

चार वाजता हॉटेलवाले मगनभाई माल बघायला येणार होते. पसंत पडला तर दर आठवड्याला ऑर्डर, आणि भिकनची लूमवरची रातपाळी कायमची बंद.

डावीकडची हिरवी बुरशी आपणहून आली होती. उजवीकडची भिकनने स्वतः, आंघोळ करून टाकली होती. दगा नावाच्या मेहुण्याने चोपड्याहून पुडी पाठवलेली. हरभऱ्याच्या मर रोगावरची. बुरशी खाणारी बुरशी. आगाऊपणे आलेलीला ही खाऊन टाकेल, असा बेत. काल त्याने एसटीडीवरून दगाला प्रगती कळवली.

"दाजी, ती आपणहून आलेली म्हणजे पुडीतलीची चुलत बहीणच. तीही बुरशीच खाते." मग दगाच्या ध्यानात आलं. "पण काय हो, मशरूम म्हणजे तरी काय? बुरशीच ना?"

भिकनने एसटीडीचं मीटर बघून फोन ठेवला.

तरी आज कुतूहल काही जाईना. भिकनने भिंग सरकवलं.

"माय, डावी विरळ विणीनी शे. इंचमा चाळीस. उजवी साठ भरस. आनि तिले खोबरासारखा वास येस."

"मंग चांगली कोनती?" सुभद्राबाईंनी विचारलं. त्या परवाच शिरपूरहून आल्या होत्या. चुलतदिराशी बांधावरून बावीस वर्षं कोर्टात भांडलेली बाई. कुठलीही गोष्ट त्या दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय सोडत नसत.

"माले वाटनं, दोन्ही भांडतीन. एकमेकले खाई टाकतीन."

तसं काही झालं नव्हतं. दोघींनी मध्ये बोटभर पट्टा मोकळा सोडला होता आणि आपापल्या बाजूचं मशरूम खात निवांत बसल्या होत्या.

सुभद्राबाईंनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. त्या पट्ट्यात हिरवं नावाला नव्हतं. दोघींपैकी कुणाचीच तिकडे पाऊल टाकायची हिंमत झालेली दिसत नव्हती. आणि बरोबर मधोमध, पिशवीच्या भोकातून मान काढून, बशीएवढं एकच पांढरंशुभ्र मशरूम उभं होतं.

खाली मगनभाईंची लुना थांबली. "भिकनभाई! माल तैयार छे ने?"

निदान तेवढं एक तरी दाखवावं म्हणून भिकनने हात पुढे केला. सुभद्राबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"हात नको लावू त्याले," त्या हळूच म्हणाल्या. "बांधवरनं शे ते. दोन्हीकडना भांडाले येतीन."